लाल रेघा

प्रिय संचिता,

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं म्हणून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे. घरी पाठवलं असतं तर आयेने तुला पडवीत बसवून ते मोठ्याने वाचून घेतलं असतं, आणि बाबा तिथेच खुर्चीत असतात. फोनचंही तेच. आये स्पीकर लावल्याशिवाय माझ्याशी बोलतच नाही, गुजरातेतलं वेरावळ लांब म्हणून आवाजही मोठा लागतो असं तिला वाटतं. आणि मला जे सांगायचंय ते बाबांच्या कानावर पडायला नकोय. तू म्हणशील, पडलं म्हणून काय झालं. गेल्या महिन्यात तूच म्हणालीस ना, "दादा, बाबांका आता काय कळना नाय. आये मान्य करूक तयार नाय, तू तरी कर." मी नुसतं "बरां" म्हटलं आणि बर्फ भरायला गाडी लागली सांगून फोन ठेवला. गाडीबिडी काही लागली नव्हती. बर्फाच्या फॅक्टरीच्या मागे भुशाच्या पोत्यांवर जाऊन बसलो होतो.

तेव्हापासून हे पत्र डोक्यात चाललंय. आज होड्या सगळ्या समुद्रात आहेत, दुपारपर्यंत बर्फाला कोणी विचारणार नाही, म्हणून समोरच्या दुकानातून वही आणली. माझं अक्षर सांभाळून घे. नववी अर्धी सोडली त्यानंतर मी सलग चार ओळी लिहिल्या नसतील. गोव्यात हॉटेलात भांडी घासली, मंगळूरला जाळी शिवली, मग ती रत्नागिरीची होडी आणि आता हा बर्फ. धोंडूकाका म्हणायचा, "ह्येच्या पायाक भिंगरी नाय, इंजिनच बसवलेला आसा." पण या बर्फात मी दीड वर्ष होत आलं तरी टिकलोय. इथे समुद्र दिसत नाही, नुसता त्याचा वास येतो. कदाचित म्हणूनच टिकलो असेन.

तर बाबांना कळतं की नाही, एवढंच माझ्या डोक्यात आहे, दुसरं काही नाही. गेल्या श्रावणात झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी बारा दिवस आलो होतो. त्या डॉक्टरबाईंनी चित्रांची कार्डं मांडली होती ते तुझ्यासमोरच झालं. सफरचंद, आगगाडी, छत्री, ससा. "बाबा, ससा दाखवा बघू," असं त्या लहान मुलाला सांगावं तसं सांगत होत्या. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्या वाईट नव्हत्या, आयेला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. पण संचिता, आपल्या बाबांनी जन्मात कधी ससा पकडलाय? आगगाडीत तरी ते किती वेळा बसले असतील? मला तेव्हाच बोलायचं होतं, पण अर्ध्या नववीतून पळालेल्याने डॉक्टरांना काय सांगायचं म्हणून गप्प बसलो.

घरी आल्यावर पहिले चार दिवस धोंडूकाका येऊन विचारायचा, "सत्यवान, आज पाणी कसां वाटता?" आणि उत्तराची वाट बघत बसायचा. पाचव्या दिवशी तो बाबांच्या डोक्यावरून आयेला विचारायला लागला, "वयनी, तेंका चाय दिलास काय?" मग सगळेच तसं करायला लागले. मी निघालो त्या दिवशी पडवीत सात माणसं बसून बाबांबद्दल बोलत होती आणि बाबा मध्ये बसले होते. त्यात मीही होतो. मीही बोललो.

आता तुझ्या परीक्षेबद्दल. पौषात तू मला ती लिंक पाठवलीस. "दादा, आठवीच्या पोरांक देवच्या आधी तू एकदा करून बघ, खय अडकता ता सांग." तासिकेवर शिकवणारी बाई, तिला शाळेचे जुने कॉम्प्युटर लावून असलं काही करायची हौस, याचं मला कौतुकच वाटलं होतं. नाव वाचलं 'संकल्पना नकाशा' आणि मला वाटलं, जिल्हे ओळखायचे असणार. उघडून बघतो तर रिकाम्या पडद्यावर वीस चौकटी, प्रत्येकीत एक शब्द. वारा, खाडी, बांगडा, पक्षी, जाळं, बाजार, भरती, होडी. प्रश्न एकही नाही. तू फोनवर समजावलंस की बोटाने चौकट सरकवायची, ज्याचं ज्याच्याशी नातं आहे त्यांच्यामध्ये रेघ ओढायची, आणि त्या रेघेवर ते नातं काय ते खालच्या शब्दांतून निवडून लावायचं. म्हणालीस, प्रश्नाला उत्तर पाठ करता येतं, रेघ पाठ करता येत नाही. पोराच्या डोक्यात काय कशाला बांधलेलं आहे ते बाहेर येऊन पडद्यावर बसतं. मग कॉम्प्युटर त्याचा नकाशा तुम्ही शिक्षकांनी केलेल्या नकाशावर ठेवून बघतो. जुळली ती रेघ हिरवी. न जुळलेली लाल.

मी अर्धा तास बसलो होतो गो त्याच्यावर. जेवणाची सुट्टी घालवली. पन्नासपैकी चौदा. पोरांची परीक्षा झाल्यावर तू हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलंस आणि खाली लिहिलंस, "आठवीतल्या सृष्टीक एकतीस गावले." तुला गंमत करायची होती, ते मला कळत होतं. तरी पंधरा दिवस मी तुझा फोन उचलला नाही. शाळेने मला एकदा नापास केलं होतं, आता घरच्या माणसाने केलं, असं काहीतरी मनात यायचं. मोठ्या भावाने असं रुसू नये, पण रुसलो होतो.

त्या सृष्टीचं तू नंतर अर्धा तास सांगत होतीस ते मात्र मी नीट ऐकलं. वर्गात तोंड उघडत नाही, पेपर कोरे, सगळ्या शिक्षकांनी मठ्ठ म्हणून सोडून दिलेली. आणि तिने ओढलेल्या रेघा बघून तू मुख्याध्यापकांना हात धरून कॉम्प्युटरच्या खोलीत आणलंस. "पोरीच्या डोक्यात सगळां आसा, फक्त तोंडाचो दरवाजो बंद आसा," असं तू म्हणालीस. हे वाक्य तू बोललीस, संचिता. मी बोललो नाही. मी फक्त लक्षात ठेवलं.

मग माघात एकदा इथली वीज दोन तास गेली. अमोनियाची मशीनं थांबली की फॅक्टरीत इतकी शांतता होते की कान दुखतात. वेळ जाईना म्हणून फोनमध्ये तो माझा नकाशा परत उघडला. म्हटलं, बघू तरी कुठे कुठे माती खाल्ली. आणि एकेक लाल रेघ बघत गेलो. पक्षी आणि बांगडा, मध्ये 'दाखवतो'. लाल. तुमच्या नकाशात पक्षी किनाऱ्याला जोडलेला होता, 'राहतो'. वारा आणि पाण्याचा रंग, मध्ये 'बदलतो'. लाल. खाडी आणि जाळं, मध्ये 'थांबवते'. लाल. पाऊस डोंगरात पडला की तिसऱ्या दिवशी खाडीतून गढूळ पाणी बाहेर येतं आणि त्या बाजूला जाळं टाकण्यात अर्थ नसतो, हे तुमच्या कॉम्प्युटरला कोण सांगणार? अशा सतरा लाल रेघा होत्या. आणि सतरापैकी एकही माझी नव्हती. सगळ्या बाबांच्या होत्या.

तुला आठवतं ना, शाळेत जायच्या आधी आपण रापणीचा दोर ओढायला जायचो? होडी जाळं सोडत सोडत अर्धगोल फिरून परत किनाऱ्याला लागायची, दोन्ही टोकांचे दोर वाळूत, आणि पन्नास माणसं कमरेला ताण देऊन मागे मागे चालत. आपण अगदी शेपटाला. धोंडूकाका ओरडायचा, "चेडवा, दोर ओढतंस काय दोराक लोंबाकळतंस?" तू रागाने आणखी लोंबकळायचीस. जाळं जवळ आलं की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. मग पोरांचा वाटा म्हणून चार बांगडे तुझ्या फ्रॉकच्या घोळात, आणि तसाच फ्रॉक घालून तू शाळेत. तुझ्या बाकावर कोणी बसायचं नाही. मी बसायचो, मलाही तोच वास.

जाळं कधी टाकायचं ते बाबा ठरवायचे. पन्नास माणसं त्यांच्या हाताकडे बघत उभी असायची. दहा वर्षांचा असल्यापासून मी त्यांच्या बाजूला उभा राहायचो. त्यांनी मला कधी काही शिकवलं असं मला आठवत नाही. एवढी माणसं हाताखाली, पण बोलणं किती मोजकं. ते पक्ष्याकडे बोट करायचे, म्हणायचे, "ह्या बघ." मग बराच वेळ गेल्यावर पाण्याच्या एका पट्ट्याकडे. "आता ता बघ." संपलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध ते आपलं आपण शोधायचं. मी विचारलं की म्हणायचे, "बघ म्हटलंय ना." कधी दोन दिवस लागायचे, कधी दोन वर्षं. पक्षी नुसते घिरट्या घालतात तेव्हा खाली काय असतं, आणि सरळ दगडासारखे पडतात तेव्हा काय असतं, हे मला सातवीत कळलं. उन्हात ढगाची सावली सरकावी तसा तांबूस डाग पाण्यात सरकतो, आणि आकाशात ढग नसतो, तेव्हा तो बांगडा. ते आठवीत. नववीत बीजगणित कळेना म्हणून शाळा सोडली, तेव्हा बाबा मला काही बोलले नाहीत. आये आठ दिवस रडली.

तुमचा नकाशा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तुझ्या हिरव्या रेघा मी पुन्हा पाहिल्या. मासा आणि बाजार, मासा आणि बर्फ, बाजार आणि भाव, पावसाळा आणि सुकट. तू आयेबरोबर टोपली घेऊन मालवणच्या बाजारात बसायचीस, त्या रेघा तिथल्या आहेत. मी किनाऱ्यावर उभा असायचो. एकाच घरात राहून आपण दोघं दोन वेगळ्या शाळांत जात होतो, एवढंच. फक्त उद्या आपल्या वाडीतल्या कुठल्या पोराच्या रेघा लाल आल्या, तर गुण देण्याआधी त्याला एकदा विचार, ही का ओढलीस. दोन मिनिटं लागतील.

हे सगळं मी तुला फोनवरही सांगू शकलो असतो. पुढचं सांगू शकत नाही.

रत्नागिरीची होडी. तू वाडीत सगळ्यांना सांगायचीस, दादा बोटीवर आहे. कसल्या बोटीवर, ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. ती पर्ससीनची होती. बाबा ज्यांच्याविरुद्ध मोर्चा घेऊन मालवणच्या कचेरीत गेले होते, उन्हात चार तास बसले होते, त्यातलीच एक. माशांच्या थव्याभोवती जाळ्याचा गोल पाडायचा, खालून पिशवीसारखं तोंड आवळायचं, आतलं पिल्लूसुद्धा सुटत नाही. मी तिच्यावर गेलो कारण इंजिन मोठं होतं, जेवण चांगलं होतं, आणि दोर ओढून ओढून मी कंटाळलो होतो. दुसरं कारण शोधून सापडत नाही.

मागच्याच्या मागच्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, आम्ही खाली आपल्या बाजूला आलो. इतक्या जवळ यायला परवानगी नसते, तरी आलो. दोन दिवस काही मिळालं नव्हतं. होडीच्या मुख्याने मला वर बोलावलं. तू इकडचाच ना, तुझा बाप रापणीचा, मग सांग कुठे आहे बांगडा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. संचिता, जन्मात पहिल्यांदा कोणी मला काही विचारत होतं आणि उत्तर मला येत होतं. मी पक्षी बघितले. पाणी बघितलं. बोट केलं.

इतका बांगडा मी त्याआधी बघितला नव्हता. होडी पाण्यात अशी बसली की कडेवर हात टेकला तर बोटं भिजत होती. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. आणि खांद्यावरून मला आपला किनारा दिसला. रापणीची होडी वाळूवर तयार, दोर गुंडाळलेले, माणसं उभी. तोच थवा आत किनाऱ्याकडे सरकायची ती वाट बघत होती. एक माणूस बाकीच्यांपासून जरा पुढे, गुडघाभर पाण्यात, डावा हात कपाळावर. बाबा कसे उभे राहतात ते मला तिथूनही ओळखता येतं. मी खाली उतरलो. पण त्यांची नजर माझ्यापेक्षा चांगली, तुला माहीत आहे.

दिवाळीपर्यंत रापणीला काही लागलं नाही. तूच फोनवर सांगायचीस, दोराक जेलीफिश आणि शेवाळ येतंय नुसतं, माणसं ओढायला यायची बंद झाली. मी ऐकत होतो. दिवाळीला घरी आलो तेव्हा फराळ करताना बाबांनी एवढंच विचारलं, "होडी खयची?" म्हटलं, रत्नागिरीची. "बरी आसा?" म्हटलं, बरी आहे. परत निघालो तेव्हा ते स्टँडपर्यंत आले. याआधी कधी आले नव्हते. माझी बॅग त्यांनी स्वतःकडे धरून ठेवली, गाडी आल्यावर दिली. गाडी सुटताना पत्र्यावर दोनदा थाप मारली. पंधरा दिवसांत मी ती होडी सोडली आणि इकडे, समुद्र दिसत नाही अशा जागी आलो.

त्यांना माहीत होतं का? त्यानंतर गेल्या मे महिन्यात मी आठ दिवस घरी होतो, रोज ठरवायचो आज विचारू. विचारायचं म्हणजे सगळं सांगायचंच होतं. पुढे श्रावणात त्यांची वाचा गेली. बारा दिवसांत एकदा आपल्या घरात मी आणि ते दोघंच होतो, तू दळण आणायला गेलेलीस, आये विहिरीवर. मी जाऊन रेडिओ लावला.

म्हणून आता माझं एक काम कर. तू पाचवीच्या पोरांसाठी शब्दांच्या जागी चित्रं टाकली होतीस ना, तसाच एक नकाशा बाबांसाठी कर. अक्षरं नकोत, ती आता त्यांना लागतील की नाही सांगता येत नाही. ससा नको. आपल्या किनाऱ्यावर जाऊन फोटो काढ, पक्षी, दोर, खाडीचं तोंड, रापणीची होडी, धोंडूकाका, आये, तू. बांगड्याचा आण. पाण्यातल्या तांबूस डागाचा मिळाला तर बघ. एक फोटो पर्ससीनच्या होडीचा टाक. आणि एक माझा. आधारवरचा नको, त्यात मी पळून आल्यासारखा दिसतो. शाळेचा टॅब त्यांच्या डाव्या हाताखाली ठेव, एक रेघ तू ओढून दाखव आणि मग हात मागे घे. जुळवून बघायला तुझा नकाशा नको, हिरवं लाल बंद कर. घाई करू नकोस, त्यांना दोन गोष्टींच्या मध्ये वेळ लागतो, आधीपासूनच लागायचा. आयेला बाजूला बसू दे, पण बोट धरू देऊ नकोस. पक्षी बांगड्याला जोडला तर धोंडूकाकाला बोलावून दाखव, म्हणजे तो परत त्यांच्याशी बोलायला लागेल. आणि माझा फोटो ते कुठे नेतात ते मला सांग. घराला जोडला, आयेला जोडला, कशालाच जोडला नाही, तसं सांग. पण त्यांनी तो त्या मोठ्या होडीला जोडला, तर तू रडू नकोस आणि त्यांच्यासमोर मला फोन लावू नकोस. बाहेर अंगणात ये आणि मग लाव. त्यांचं डोकं शाबूत आहे याची याहून चांगली खूण कुठला डॉक्टर देणार नाही. त्यांनी तीच रेघ ओढावी असं मला वाटतं, संचिता. ती ओढली की मी त्या दिवशीच घरी यायला निघेन.

फोन हातात धरून बसलेला,
तुझाच
सर्वेश